आतून न उघडणारा दरवाजा

तुमच्या गाडीवाल्यांनी माझ्याकडून दोन शब्द लिहून मागितले. ग्रुपवर टाकायचे म्हणे, तुमच्या फोटोखाली. तेजराम भाऊजी कागद आणि पेन घेऊनच आले. मी म्हटलं, मी चौथी पास बाई, मी काय लिहू? ते म्हणाले, "वहिनी, भाऊले तोंडावर जे म्हणत होत्या, तेच लिहा."

तोंडावर म्हणायचं बरंच राहिलं आहे. म्हणून तुम्हालाच लिहिते. त्यांना वाचायचं असेल तर वाचतील.

तुम्हाला जाऊन बावीस दिवस झाले. रडले ती पहिल्या दोन दिवसांत. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आपली पोरगी वर्षा मात्र नागपूरला परत न जाता माझ्याजवळ थांबली. आणि परवापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरते आहे. त्यावरून रडायचं की भांडायचं, हे मला समजत नाही. गोष्ट आपल्या व्हॅनच्या डाव्या दरवाजाची आहे. माझ्या दरवाजाची.

बारा वर्षं तो दरवाजा आतून उघडला नाही. दांडी ओढली की नुसती लुळी हलायची. काच फिरवली तर चार बोटं खाली यायची आणि तिथेच अडायची, म्हणजे हात बाहेर काढून बाहेरची कडी ओढायचीही सोय नव्हती. तुमच्या बाजूनं उतरायचं तर गियरच्या दांड्यावरून जा, साडी सांभाळा, गुडघे सांभाळा. म्हणून गाडी थांबली की मी बसून राहायची आणि तुम्ही समोरून फिरून यायचे, दरवाजा उघडायचे. लोक बघायचे. चिखल्याच्या खाणीच्या कॉलनीतल्या बायका म्हणायच्या, "काय वो, मेश्राम भाऊ तुमाले राणीसारखं उतरवते!" मी म्हणायची, "राणी नोहो, कैदी आहो."

आणि असं कोणाच्या गाडीत? तुमच्या! ज्या माणसाला अर्धा जिल्हा विचारायला यायचा, त्याच्या.

दर रविवारी सकाळी देव्हाडी रोडवर रफिक मिस्त्रीच्या गॅरेजसमोर तुमची मंडळी जमायची. पाच-सहा जुन्या व्हॅन, दोन जीपा, आणि कधी कधी नवी गाडी घेऊन आलेला एखादा, ज्याला सगळे मिळून चिडवायचे. चहा व्हायचा. मग एकेकाचं दुखणं सुरू. याची गाडी चढावर दम टाकते, त्याचं पाणी गरम होते, तिसऱ्याचा क्लच घसरते. राईस मिलजवळ राहणाऱ्यांचं दरवर्षीचं रडगाणं एकच, उंदरांनी वायरी खाल्ल्या. तुम्ही सांगायचे की वायरींवर तंबाखूचं पाणी मारा आणि बोनेटखाली डांबराच्या गोळ्या बांधा. धानाचा हंगाम आला की एअर फिल्टरमध्ये इतकं तूस निघायचं, की तुम्ही म्हणायचे, यात कोंबडी अंडी घालेल. बोलायला तुम्ही घरात कंजूस होते. तिथे मात्र तोंड बंद होत नव्हतं.

मीही जायची. भाजीबाजार तिकडूनच होता. गाडीतच बसून राहायची, कारण उतरायचं कसं? आणि मग सुरू व्हायचं.

"भाऊ, दुनियेच्या गाड्या सुधारता, वहिनीचा दरवाजा कधी?"

"त्याचा पार्ट येत नाही," तुम्ही म्हणायचे.

"काका, दस मिनट का काम है," रफिक म्हणायचा. "पॅनल खोलू द्या, मैं बना देता हूँ."

"राहू दे. तो पार्टच बंद झाला."

"वहिनी भांडून पळून जाईल म्हणून भाऊनं कुलूप लावलं," कोणीतरी म्हणायचं, आणि तेजराम भाऊजी सगळ्यांत मोठ्यानं हसायचे. मी काचेच्या चार बोटांच्या फटीतून म्हणायची, "पळाले असते तर लग्नाच्या वर्षीच पळाले असते. आता कुठं जाऊ, या गुडघ्यानं?"

पार्ट येत नाही! खाणीत पस्तीस वर्षं फिटर होते तुम्ही. पंपाचा पार्ट नाही आला तर घासून, कापून नवा बनवणारा माणूस. मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती. मी समजली, कंटाळा आहे. बायकोचं काम आहे, म्हणून कंटाळा. बाकी सगळं केलं ना त्या गाडीला! गॅस किट बसवली, नवे दिवे लावले, पाठीमागे घेताना वाजणारं ते रडकं गाणं लावलं, सीटला लाल कव्हर चढवलं. गोंदियाच्या माणसाकडून घेतलेली सेकंडहँड व्हॅन, नंबरही गोंदियाचाच. तुम्ही म्हणायचे, भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा तुटला, पण गोंदियाची पोरगी आपल्या घरी नांदून राहिली. तिचं सगळं कौतुक झालं. माझा दरवाजा तेवढा राहिला.

त्यावरून आपण किती भांडलो, ते तुम्हाला आठवत असेल. एकदा तुमसरच्या धान बाजारात तुम्ही मला आत ठेवून कोणाच्या तरी गाडीखाली शिरले. एप्रिलचं ऊन. मी हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. सगळा बाजार गोळा झाला. तुम्ही धावत आले, दरवाजा उघडला, आणि तुमचा चेहरा इतका पांढरा होता, की मी शिव्या द्यायची थांबले. मला वाटलं, लोकांसमोर लाज वाटली. त्या दिवसानंतर तुम्ही मला एकटीला गाडीत कधी ठेवलं नाही. रविवारी रफिककडे गाडीजवळून हलायचे नाही, बाकी कुठेही थांबले की आधी मला उतरवायचे, मग दुसरं काम. पण दरवाजा काही दुरुस्त केला नाही.

तुमचा फोन अजून सुरू आहे. तो बंद कसा करायचा, ते मला माहीत नाही आणि वर्षाला मी विचारलं नाही. ग्रुपवर लोक येतात, आपापलं विचारतात. तुमचा फोटो फुलांसकट टाकला आहे, तरी काहींनी पाहिला नाही. लाखांदूरकडच्या एकानं गेल्या आठवड्यात लिहिलं, "मेश्राम काका, गाडी सेल्फ घेत नाही, बॅटरी नवी आहे, काय करू?" मी दोन-तीन वेळा वाचलं. मग एका बोटानं लिहिलं, "आधी अर्थिंग पाहा." तुम्ही प्रत्येकाला आधी तेच सांगायचे, म्हणून. तासाभरानं त्याचं उत्तर आलं, "काका, चालू झाली! अर्थिंगच सुटलं होतं." आणि खाली दोन हात जोडलेले. आता त्याला काय सांगू? काही सांगितलं नाही. हे वाचून त्याला समजेल तर समजेल. त्यानं रागवू नये.

आता परवाची गोष्ट.

वर्षा म्हणाली, "आई, व्हॅन विकून टाकू. उभ्या उभ्या सडेल." मी म्हटलं, विक. पण दरवाजा दुरुस्त करूनच विकायची. माझ्यासारखी दुसरी कोणती बाई त्यात कोंडायला नको. तेजराम भाऊजींना बोलावलं, ते गाडी चालवत गॅरेजला घेऊन गेले, मी नेहमीसारखी डावीकडे. गाडी थांबली. मी बसून राहिले. तुम्ही समोरून फिरून याल म्हणून नाही. सवय. भाऊजी त्यांच्या बाजूनं उतरून थेट मिस्त्रीशी बोलायला गेले, मग त्यांच्या ध्यानात आलं आणि धावत आले.

रफिकनं पॅनल खोललं. आत हात घातला, बॅटरी मारली आणि थांबला.

"काकी, ये टूटा नहीं है."

"मग?"

"दांडीची सळी हुकमधून काढली आहे. काढून, तारेनं बाजूला बांधून ठेवली आहे. ये देखो. किसी ने हाथ से किया है, और अच्छा किया है."

मग त्यानं खालून आणखी एक वस्तू काढली. सागवानाचा ठोकळा. चार बाजूंनी रंधा मारलेला, आणि त्याच्यावर सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं. काच खाली आली की त्यावर येऊन टेकायची. रबर कशाला, तर गाडी चालताना ठोकळा वाजू नये म्हणून. आवाज झाला असता तर कोणी ना कोणी पॅनल खोललं असतं. सागवान आपल्याच जुन्या पलंगाचं होतं. मी ओळखलं. त्याच पलंगावर आपला नीलेश लहानाचा मोठा झाला.

रफिक माझ्याकडे पाहत होता. तेजराम भाऊजी कुठेच पाहत नव्हते. त्यांच्याकडे पाहून मला कळलं.

"भाऊजी, तुमाले माहीत होतं."

"वहिनी, जाऊ द्या ना."

"बारा वर्षं मी कोंडून बसली. काहून? सांगा."

"भाऊनं शपथ घातलती."

"ज्यानं घातली तो गेला. सांगा आता."

ते बाकावर बसले. टोपी काढली, परत घातली. मग म्हणाले, "तुमचा नीलेश गेला त्या सालची गोष्ट. मिस्त्री लग्नाले गेलता, चावी माझ्यापाशी. भाऊ एकटेच आले, पॅनल खोलून बसले. मी म्हटलं, काय करून राहिले? तर म्हणे, 'कारध्याच्या पुलावर तिनं चालत्या गाडीचा दरवाजा उघडला, तेजराम.' मी म्हटलं, तिले विचारलं का? तर म्हणे, 'विचारलं आन् तिनं हाव म्हटलं, तर?'"

मी ठोकळा उचलला. मग मी म्हटलं, "आन् तुमी दर रविवारी सगळ्यायपेक्षा मोठ्यानं हसत होते."

"हसलो नसतो तर लोकायनं खोललं असतं," भाऊजी म्हणाले.

मला तो दिवस पूर्ण आठवतो. नीलेश तापानं गेला, त्याला दोन महिने झाले होते. एकोणीस वर्षांचं पोरगं. मी बोलणं सोडलं होतं. ठरवून नाही, बोलायला काही उरलंच नव्हतं. तुम्ही मला लाखनीला माझ्या बहिणीकडे नेलं, चार दिवस ठेवलं, परत आणायला आले. येताना वैनगंगेवर, कारध्याच्या पुलावर, मला जाणवलं की माझ्या साडीचा काठ दरवाजात अडकला आहे आणि बाहेर फडफडतो आहे. हिरवी साडी होती. मी दरवाजा उघडला, काठ आत ओढला, दरवाजा लावला. तुम्ही ब्रेक मारला. गाडी आडवी होता होता राहिली. मागचा ट्रकवाला शिव्या देऊन गेला. तुम्ही काही बोलले नाही. मीही बोलले नाही.

"साडी अडकली होती." एवढं म्हणायचं होतं मला. एवढं म्हटलं असतं तर बारा वर्षं दरवाजा उघडला असता. पण त्या दिवसांत मी पाणी द्या असंही म्हणत नव्हते.

आता लोक म्हणतील, म्हणजे भाऊचा गैरसमज झाला. मीही परवा रात्रभर तेच म्हणत पडले. पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू? हात गेला तो साडीसाठीच. हे नक्की. पण दरवाजा उघडल्यावर खाली पाणी दिसलं. नदी भरलेली होती. काठ आत आला होता, माझ्या मुठीत होता, आणि तरी मी दरवाजा लगेच लावला नाही. किती वेळ? मला माहीत नाही. तेव्हा मनात काय होतं? तेही माहीत नाही. मी बारा वर्षांत त्याचा विचार केला नाही, आणि आता करते तर काही सापडत नाही. तुम्ही मला पाहत होते. मी स्वतःला पाहत नव्हते. म्हणजे मला माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त माहीत होतं का? की तुम्हालाही नव्हतं, आणि म्हणून ठोकळा?

आणि दुसरंही सांगते, नाहीतर तुमची मंडळी तुम्हाला देव करून ठेवतील. मला राग आला आहे. खाणीत तुम्ही प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे की एक वाट बंद झाली तर दुसरी वाट पाहिजेच, त्याशिवाय खाली उतरू नका. आणि स्वतःच्या बायकोला ज्या गाडीत बसवलं, तिला गॅस किट लावून दुसरी वाट बंद केली. आग लागली असती तर? तुम्ही बेशुद्ध पडले असते तर? मी चार बोटांच्या फटीतून ओरडत जळाले असते. हे तुमच्या ध्यानात आलं नसेल, असं होऊ शकत नाही. धान बाजारात तुमचा चेहरा पांढरा झाला तो याच्यामुळे, हे मला आता समजतं. मग तरी सळी जोडली नाही. एका बाजूला ते भय आणि दुसऱ्या बाजूला हे भय, आणि तुम्ही बारा वर्षं मध्ये उभे. मला सांगितलं असतं तर मी तुम्हाला मूर्ख म्हटलं असतं. त्यानं बरं वाटलं असतं तुम्हाला. नेहमी वाटायचं.

पहिल्या वर्षी भीती होती, समजू शकते. दुसऱ्या वर्षी समजू. पण मी बोलायला लागले, हसायला लागले, वर्षाचं लग्न झालं, मी तुमच्याशी रोज भांडत होते. भांडणारी बाई उडी मारते का? मग दहाव्या वर्षी काहून? विसरले होते का? की आता जोडायला गेलो तर हिला समजेल, आणि विचारेल, म्हणून? की फिरून येऊन दरवाजा उघडणं तुम्हाला बरं वाटायला लागलं होतं? वर्षा म्हणते, हेच. ती रडली हे म्हणताना. मला पटत नाही. तुमच्या गुडघ्यांनाही काही कमी त्रास नव्हता.

रफिकनं विचारलं, "काकी, जोडू ना सळी?"

मी म्हटलं, "जोड. त्यासाठीच आले."

दहा मिनिटंही लागली नाहीत. मी आत बसले, दरवाजा लावला, दांडी ओढली. उघडला. खट्ट असा आवाज येतो त्याचा. मी उतरले. रफिक म्हणाला, "कैसा लगा काकी?" मी म्हटलं, "दरवाजासारखा." काच पूर्ण खाली येते. ठोकळा मी घरी आणला. कूलरचा एक पाय डगमगत होता, त्याच्याखाली लावला. बरोबर बसला.

काल माझ्या बहिणीला भेटायला लाखनीला जायचं होतं. ती अंथरुणावर आहे, तुमच्या मातीला येऊ शकली नव्हती. तेजराम भाऊजींनी आपलीच व्हॅन काढली. काच उघडी, वारा तोंडावर. बारा वर्षं त्या सीटवर बसले, त्यात वारा असा पहिल्यांदा लागला. भंडारा सुटलं, पूल आला.

आणि तेव्हा मला आठवलं. पूल आला की तुम्ही दर वेळेस विचारायचे, "अवं, घरचा गॅस बंद केला ना?" दर वेळेस. पुलाच्या सुरुवातीलाच. मी भडकायची. म्हणायची, चाळीस वर्षं संसार केला, मले गॅस बंद करता येत नाही? तुम्ही म्हणायचे, मागच्या वेळी राहिला होता. मी म्हणायची, कधी राहिला, दिवस सांगा. असं भांडता भांडता पूल संपायचा, आणि पलीकडे गेल्यावर तुम्ही गप्प. मला वाटायचं, म्हातारा झाला, तेच तेच विचारते.

भाऊजी काही बोलत नव्हते. पूल बराच लांब आहे. मला कधी कळलंच नव्हतं, किती लांब आहे ते. खाली पाणी होतं. माझा हात मांडीवर होता, दांडी तिथेच, चालू स्थितीत. मी हात हलवला नाही. मग मीच म्हटलं, "भाऊजी, घरचा गॅस बंद केला की नाही, मले आठवत नाही."

ते घाबरले. "वापस फिरवू का, वहिनी?"

"नको," मी म्हटलं. "चाला."

संध्याकाळी घरी आले तर आधी स्वयंपाकघरात गेले. गॅस बंद होता. बारा वर्षं दर वेळेस तो बंदच होता. मी एकदाही विसरले नाही. तुम्हाला हे माहीत होतं की नव्हतं, तेवढं सांगायचं राहिलं तुमचं.

व्हॅन या महिन्यात विकणार नाही, असं वर्षाला सांगितलं आहे.